'अँटनी अँड क्लिओपात्रा' बारकाईने वाचताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शेक्सपिअरची ही शोकांतिका चारचौघांत बसून ओळीओळीने वाचायला घेतली की काही प्रश्न हमखास येतात. ते इथे एकत्र केले आहेत. काहींची उत्तरं दोन ओळींत संपतात, काहींची बरीच लांबली आहेत. उत्तरं माझ्या वाचनातली आहेत, तेव्हा पटलं नाही तर संहिता उघडून भांडायला तुम्ही मोकळे आहात.

आधी रोमचा इतिहास वाचून घ्यायला हवा का?

फार नको. इ.स.पू. 44 मध्ये ज्युलियस सीझरचा खून झाला. पुढच्याच वर्षी मार्क अँटनी, ऑक्टेव्हियस सीझर आणि लेपिडस या तिघांनी मिळून रोमची सत्ता ताब्यात घेतली. पूर्वेकडचा मुलूख अँटनीकडे आला आणि त्यासोबत इजिप्तची राणी क्लिओपात्राही त्याच्या आयुष्यात आली. इ.स.पू. 31 मध्ये ॲक्टियमच्या समुद्रात ऑक्टेव्हियसने या दोघांचा पराभव केला. पुढच्या वर्षी दोघांनीही अलेक्झांड्रियात जीव दिला. नाटक सुरू होतं ते अँटनीच्या बायकोच्या, फुल्व्हियाच्या मृत्यूच्या बातमीच्या सुमारास, म्हणजे इ.स.पू. 40 च्या आसपास. इतिहासातली दहाएक वर्षं इथे पाच अंकांत बसवली आहेत. वाचताना ती काही महिन्यांसारखी वाटतात, आणि ते मुद्दाम केलेलं आहे.

दोन गोष्टी मात्र डोक्यात पक्क्या ठेवा. नाटकात 'सीझर' म्हटलं की बहुतेक वेळा तो ऑक्टेव्हियस असतो, पण क्लिओपात्रा जुन्या आठवणी काढते तेव्हा तिचा सीझर म्हणजे ज्युलियस. दुसरी गोष्ट वयाची. ॲक्टियमच्या वेळी अँटनीने पन्नाशी ओलांडली होती आणि ऑक्टेव्हियसने जेमतेम तिशी. अँटनी त्याला 'पोरगा' म्हणून हिणवतो तेव्हा त्यात तुच्छता आहे, तशी पोटात गोळा आल्याची खूणही आहे.

संहिता कोणती वापरावी? अंक-प्रवेशांचे आकडे वेगवेगळे का दिसतात?

नाटक 1606-07 च्या सुमारास लिहिलं गेलं. 1608 मध्ये लंडनच्या प्रकाशक-संघाच्या नोंदवहीत त्याची नोंद झाली, पण छापील रूपात ते आलं थेट 1623 च्या फोलिओत, म्हणजे त्याच्या नाटकांच्या मोठ्या आकाराच्या संग्रहात, शेक्सपिअरच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी. त्या फोलिओत सुरुवातीला 'पहिला अंक, पहिला प्रवेश' एवढा मथळा आहे, पुढे काहीच नाही. आज दिसणारे पाच अंक आणि बेचाळीस प्रवेश नंतरच्या संपादकांनी पाडले आहेत. कुठे एखादा प्रवेश जास्त मोजलेला असतो, म्हणून आकडे जुळत नाहीत. टीपा असलेली कोणतीही चांगली आवृत्ती चालेल.

पण एक सवय लावून घ्या : प्रवेशाचा आकडा दिसला की थांबू नका. त्या काळच्या रंगमंचावर पडदा पडत नसे. एक घोळका एका दाराने बाहेर गेला की दुसरा दुसऱ्या दाराने आत यायचा. दुसऱ्या अंकाचा शेवट पाहा. या तिघांशी नुकताच तह केलेल्या पाँपीच्या जहाजावर जगाचे मालक दारू पीत बसले आहेत. लेपिडस इतका झिंगला आहे की एक नोकर त्याला उचलून बाहेर नेतो. नोकराकडे बोट दाखवून अँटनीचा साथीदार एनोबार्बस म्हणतो, गडी ताकदवान आहे, जगाचा एक तृतीयांश भाग खांद्यावर घेऊन चाललाय. मग गाणं, हातात हात घालून नाच. सगळे पांगतात आणि तिसरा अंक उघडतो तो पार्थियाच्या सीमेवर. अँटनीचा सरदार व्हेंटिडियस विजयी होऊन येतो आहे, त्याच्यापुढे शत्रूच्या राजपुत्राचं, पाकोरसचं, प्रेत वाहून आणलं जातं आहे. आत्ता एक देह उचलून बाहेर गेला, लगेच दुसरा उचलून आत आला. मध्ये 'अंक तिसरा' असं छापलेलं असलं की हे नजरेतून निसटतं.

त्याच प्रवेशात व्हेंटिडियस म्हणतो, मी याहून मोठा विजय मिळवू शकलो असतो, पण हाताखालच्या माणसाने फार मोठं काम केलं की वरच्याला ते खुपतं. पुष्कळ दिग्दर्शक हा प्रवेश गाळतात. मला विचाराल तर, सत्ता म्हणजे काय याची सगळ्यात कोरडी व्याख्या या नाटकात इथेच आहे.

बारकाईने वाचायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

या नाटकापुरता एकच प्रश्न पुरतो : हे कोण सांगतंय, कुणाला सांगतंय आणि आत्ताच का? या नाटकात घडतं त्यापेक्षा सांगितलं जास्त जातं. दूत येतात, दूत जातात, दूत मार खातात. समोर नसलेल्या माणसाविषयी कोणीतरी काहीतरी बोलत असतं. अशी प्रत्येक जागा पेन्सिलने अधोरेखित करत पहिला अंक वाचा. अर्धी पानं काळी होतील.

सुरुवातीच्या पन्नासेक ओळीच घ्या. नाटकाचा पहिला शब्द आहे 'नाही'. फायलो नावाचा एक रोमन सैनिक मित्राशी आधीपासून चाललेला वाद पुढे रेटतो आहे आणि आपण मध्येच येऊन पोचलो आहोत. तो म्हणतो, आमच्या सेनापतीचं हे खुळ मापाबाहेर वाहतंय. जगाचे तीन खांब, त्यातला एक एका बाईचा विदूषक झालाय. बघच तू आता. म्हणजे काय बघायचं हे आपल्याला आधीच पढवून ठेवलं आहे. मग ते दोघे येतात. क्लिओपात्रेचं पहिलं वाक्य : हे खरंच प्रेम असेल, तर किती ते सांग. अँटनीचं उत्तर : जे मोजता येतं ते प्रेम भिकारडं. ती म्हणते, मग मीच हद्द आखून देते. तो म्हणतो, तर तुला नवा स्वर्ग आणि नवी पृथ्वी शोधावी लागेल.

आता फायलोच्या वाक्याकडे परत जा. तो 'माप' म्हणाला होता. अँटनीने आत येताच तोच आरोप उचलून स्वतःच्या छातीवर पदकासारखा लावला : हो, मापाबाहेरच आहे. सैनिकाच्या तोंडी जी निंदा, तीच प्रियकराच्या तोंडी फुशारकी. कोण बरोबर हे नाटक सांगत नाही, शेवटपर्यंत नाही. आणि या भाषणाच्या ऐन मध्यावर कोणीतरी येऊन सांगतं की रोमहून निरोप आलाय.

ही प्रेमकथा आहे की राजकीय नाटक?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो आणि त्याचं 'दोन्ही' हे उत्तर मला आळशी वाटतं. इथे प्रेमाची भाषा राज्यकारभारातून उसनी घेतलेली आहे आणि राजकारणाची भाषा घरातून.

अँटनी मरताना तिला नावाने हाक मारत नाही. 'आय ॲम डाइंग, इजिप्त, डाइंग' असं म्हणतो. राज्यकर्त्याला त्याच्या देशाच्या नावाने हाक मारण्याचा तेव्हा रिवाज होता हे खरं. पण मरणाऱ्या प्रियकराच्या तोंडी तो शब्द आला की बाई आणि देश वेगळे काढता येत नाहीत. मुलूख गमावणं आणि तिला सोडून जाणं एकाच श्वासात होतं.

उलट बाजूने ऑक्टेव्हियाचं लग्न पाहा. दोन सत्ताधीशांचं भांडण मिटवायला सीझरचा साथीदार अग्रिपा तोडगा सुचवतो : सीझरच्या बहिणीशी अँटनीने लग्न करावं. ती समोर नाही. तिला कोणी विचारत नाही. काही ओळींत व्यवहार पक्का होतो. लगेच पुढच्या प्रवेशाच्या शेवटी अँटनी स्वतःशी म्हणतो, शांततेसाठी मी हे लग्न करतोय, पण माझं सुख पूर्वेला आहे. पुढे तिसऱ्या अंकात ऑक्टेव्हिया रोमला परत येते. सीझरचं तिला पाहून पहिलं दुःख काय, तर ती लवाजम्याशिवाय आली. सीझरची बहीण म्हणजे पुढे सैन्य हवं, घोड्यांची खिंकाळी हवी, आकाशापर्यंत धुरळा उडायला हवा. तू तर बाजारातल्या पोरीसारखी आलीस. त्याचं बहिणीवर प्रेम नाही असं मी म्हणणार नाही. पण ते मोजायची पट्टी त्याच्याकडे एकच आहे, ती म्हणजे लोकांना दिसेल असा डामडौल.

आणि मग पाचव्या अंकात क्लिओपात्रेचं स्वप्न. सीझरच्या एका माणसाला, डोलाबेलाला ती सांगते, मला स्वप्नात एक सम्राट दिसला, अँटनी नावाचा. त्याचे पाय समुद्रावर रोवलेले, आणि राज्यं नि बेटं त्याच्या खिशातून चिल्लर पडावी तशी पडत होती. मूळ शब्द चांदीच्या नाण्यांसाठीचा आहे, टीप पाहून घ्या. पहिल्या प्रवेशात जे मोजायला नकार दिला होता, ते इथे नाण्यांच्या रूपात परत येतं, पण मोजायचं नाही, सांडून द्यायचं. ती विचारते, असा माणूस झाला असेल का? डोलाबेला अदबीने म्हणतो, नाही, बाईसाहेब. ती भडकते : खोटं बोलतोस, देवांच्या कानावर जाईल इतकं.

क्लिओपात्रेच्या नौकेचं वर्णन इतकं गाजलेलं का आहे?

सोन्याची डेरेदार नाव, जांभळी शिडं, चांदीची वल्ही, सुगंधाने वेडावलेला वारा. हे सगळं बहुतांशी प्राचीन ग्रीक चरित्रकार प्लूटार्कचं आहे. थॉमस नॉर्थने 1579 मध्ये त्याची चरित्रं इंग्रजीत आणली, तीही मूळ ग्रीकवरून नाही तर फ्रेंच भाषांतरावरून. शेक्सपिअरने नॉर्थच्या गद्यातली वाक्यंच्या वाक्यं उचलली आहेत.

मग त्याने केलं काय? एक तर वर्णन एनोबार्बसच्या तोंडी घातलं. हा तिरकस बोलणारा, कशालाच न भुलणारा सैनिक. तो भारावला म्हणजे भारावण्यासारखं काही असणार. दुसरं, ते रोममध्ये घातलं, ऑक्टेव्हियाशी लग्न ठरल्यावर लगेच. अग्रिपा आणि सीझरचाच दुसरा साथीदार मेसीनस कान टवकारून ऐकताहेत. मेसीनस म्हणतो, आता अँटनीला तिला सोडावंच लागेल. एनोबार्बस म्हणतो, छे, कधीच नाही. लग्नाची शाई वाळायच्या आत ते मोडणार हे आपल्याला कळतं, आणि कळतं ते एका वर्णनातून.

तिसरी गंमत ओळी मोजल्यावर कळते. नाव, शिडं, वल्ही, पंखे ढाळणारी मुलं, दासी या सगळ्यांचं वर्णन आहे. ती स्वतः दिसायला कशी? एनोबार्बस म्हणतो, ते शब्दांत सांगता येत नाही, आणि पुढे सरकतो. मध्ये एक रिकामी जागा आहे. आणि काठावर, बाजारपेठेत, अँटनी एकटाच सिंहासनावर बसून हवेत शीळ घालतोय, कारण सगळं गाव तिला बघायला पळालंय.

क्लिओपात्रा खरंच त्याच्यावर प्रेम करते का? ती दगा देते का?

माहीत नाही, आणि हे कळू नये याची व्यवस्था लेखकाने केली आहे. अँटनीला स्वगतं आहेत, एनोबार्बसला आहेत. क्लिओपात्रेला एकही नाही. ती रंगमंचावर कधीच एकटी नसते. तिचा प्रत्येक शब्द कुणीतरी ऐकत असतं. अगदी अँटनी आणि ती दोघंच समोरासमोर असल्याचा प्रसंग शोधायला गेलात, तर मला एकच सापडला : चौथ्या अंकात, आरमार शत्रूला जाऊन मिळाल्यावर. आणि तिथेही तो तिच्या अंगावर धावून जातो आणि ती पळून जाते.

ते आरमार तिच्या सांगण्यावरून गेलं का? अँटनी ओरडतो, हिने मला विकलं. तिचा निरोप्या सांगतो, नाही. आपण ते घडताना पाहिलेलंच नाही. सीझरच्या दूताला, थिडियसला, ती हात चुंबायला देते तेव्हा ती सौदा करतेय की वेळ काढतेय? ओळी दोन्हीकडे झुकतात. वाचताना मी एकदा ठरवलं होतं की ती त्याच्याशी एकनिष्ठ आहे असं गृहीत धरून वाचायचं. पुढच्या वेळी उलट धरलं. दोन्ही वेळा नाटक कुठे अडलं नाही.

एनोबार्बस एवढा महत्त्वाचा का?

तो आपला माणूस आहे. आपल्यासारखाच बाजूला उभा राहून हसणारा. तो अखेर शहाण्यासारखा हिशोब करून अँटनीला सोडतो. अँटनी त्याचा मागे राहिलेला सगळा खजिना त्याच्याकडे पाठवून देतो, वर आणखी भर घालून. या औदार्याने एनोबार्बस मोडतो आणि कोणतंही शस्त्र न लागता मरतो. हिशोब बरोबर होता, तरीही.

शोकांतिकेत इतका विनोद कशासाठी?

मगरीचं वर्णन (ती स्वतःच्याच आकाराची असते, जितकी रुंद तितकी रुंद), मार खाणारा दूत, अंजिरांच्या टोपलीत साप घेऊन येणारा बडबड्या खेडूत. हे विश्रांतीचे थांबे नाहीत. दूताचेच दोन प्रवेश शेजारी ठेवून वाचा. पहिल्यांदा तो खरं सांगतो, अँटनीचं लग्न झालं, आणि राणी त्याला केसांनी धरून फरफटते, सुरी उपसते. दुसऱ्यांदा आला तेव्हा तो शिकून आलाय : ऑक्टेव्हिया बुटकी आहे, आवाज खोल आहे, चेहरा वाटोळा, कपाळ अगदी बसकं. त्याला सोनं मिळतं. सत्तेसमोर सत्य कसं बोलावं याचा धडा हा, आणि तो हसत हसत दिलेला.

अँटनीच्या मरणातही हसू येईल अशा जागा आहेत. तो तलवारीवर पडतो आणि मरत नाही. क्लिओपात्रा आपल्या समाधीच्या इमारतीतून खाली यायला तयार नाही, पकडले जाऊ ही भीती, म्हणून त्याला दोराने वर ओढावं लागतं. ओढताना ती म्हणते, काय खेळ आहे, किती जड आहेत माझे स्वामी! मला या वाक्याला हसावं की नाही हे अजून कळलेलं नाही.

शेक्सपिअरने प्लूटार्कमध्ये काही बदल केला आहे का?

बरेच. त्यातला एक छोटा बदल फार बोलका आहे. अलेक्झांड्रियाजवळच्या लढाईच्या आदल्या रात्री पहारेकऱ्यांना जमिनीखालून वाद्यांचा आवाज येतो. अँटनीचा देव त्याला सोडून चालला, असा त्याचा अर्थ लावतात. प्लूटार्कच्या मजकुरात हा देव म्हणजे मद्याचा देव बॅकस. शेक्सपिअरने तो बदलून हर्क्युलिस केला. अँटनीच्या घराण्याचा दावा होता की ते हर्क्युलिसचे वंशज. म्हणजे इथे अँटनीला सोडून जातं ते त्याचं शौर्य. मजा उरतेच, पहाटे पुन्हा युद्धाला निघण्याआधी ते मेजवानी झोडतात.

सीझर खलनायक आहे का?

नाही. तो काम करणारा माणूस आहे, आणि जवळजवळ कधीच चुकत नाही. माणसं ओळखण्यात चुकतो तो अँटनी, अगदी मरेपर्यंत. शेवटच्या श्वासात तो क्लिओपात्रेला सांगतो, सीझरच्या माणसांपैकी फक्त प्रोक्युलियसवर विश्वास ठेव. पुढच्याच अंकात प्रोक्युलियस तिच्याशी गोड बोलत असताना शिपाई मागून येऊन तिला पकडतात. तिला खरं सांगतो तो डोलाबेला, ज्याचं नाव अँटनीने घेतलंच नव्हतं.

नायक चौथ्या अंकात मरतो, मग पाचवा कशासाठी?

तिच्यासाठी. आणि पुन्हा 'कोण सांगणार' या प्रश्नासाठी. सीझरला ती जिवंत हवी आहे, रोमच्या रस्त्यांतून मिरवायला. तिला हे कळतं, आणि सगळ्यात भीती कशाची वाटते? नाटकाची. रोममधले नट आपल्यावर प्रहसन रचतील, अँटनीला दारुडा दाखवतील, आणि चिरक्या आवाजाचा एखादा पोरगा क्लिओपात्रा होऊन मला वेश्येच्या ठेवणीत उभं करेल. ही ओळ लंडनच्या रंगमंचावर बोलत होता एक पोरगाच, कारण स्त्रियांच्या भूमिका तेव्हा मुलगेच करत. पाच अंक आपण त्याला राणी मानलं, आणि तोच त्या भ्रमावर बोट ठेवतो. एवढा मोठा जुगार खेळायला हिंमत लागते.

भाषा फार अवघड आहे. भाषांतरावर भागेल का?

गोष्ट समजायला भागेल. पण वर ज्या जागा दाखवल्या त्या मूळ शब्दांत आहेत, म्हणून निदान पहिला आणि शेवटचा प्रवेश मुळातून, मोठ्याने वाचा. अर्थ नंतर लागला तरी चालेल.

शेवटच्या प्रवेशात कुठे थांबावं?

साप डसल्यानंतर. सगळ्यांचं लक्ष क्लिओपात्रेच्या भाषणांवर असतं, मी चार्मियन या दासीकडे बघायला सांगेन. राणीचं शेवटचं वाक्य अर्धवट तुटतं, 'मी का थांबू', आणि ते पुरं करते चार्मियन : 'या हीन जगात?' मग ती राणीचे डोळे मिटते आणि म्हणते, मुकुट तिरपा झालाय, तो नीट करते, मग खेळते.

'खेळते' का? याच प्रवेशात मुकुट आणि राजवस्त्रं आणायला पाठवताना राणीने तिला म्हटलं होतं की एवढं काम कर, मग प्रलयापर्यंत खेळायची तुला सुट्टी. तिथे कामासाठी वापरलेला शब्द घरकामाचा, धुण्या-झाडण्याचा आहे. तोच शब्द चौथ्या अंकात अँटनी गेल्यावर क्लिओपात्रेनेच स्वतःसाठी वापरला होता : मी आता राणीबिणी नाही, दूध काढणाऱ्या, हलकीसलकी कामं करणाऱ्या मोलकरणीसारखीच एक बाई.

पहारेकरी धावत येतात. एक जण विचारतो, हे बरं केलंत का? चार्मियन म्हणते, बरं केलं, इतक्या राजांच्या वंशातल्या राणीला शोभेल असं. आणि मरते. थोड्या वेळाने सीझर येतो. रक्त कुठे दिसत नाही, मग मेल्या कशा, असं विचारत तपास अधिकाऱ्यासारखी पाहणी करतो. तेव्हा तो पहारेकरी सांगतो : ही चार्मियन आत्ता जिवंत होती, मेलेल्या मालकिणीचा मुकुट नीट करत होती, थरथरत उभी होती, आणि एकदम कोसळली.

जे आपण पाहिलं तेच सीझर आता ऐकतो आहे. पहारेकऱ्याने काही खोटं सांगितलेलं नाही. फक्त मुकुट तिरपा झाला होता हे तो सांगत नाही, आणि खेळण्याचं त्याने ऐकलेलंच नाही.